पंचाहत्तर टायटन बांधले कुणी?

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या खेळाचं नाव वर्तमानपत्रात येतं ते लढाईमुळे. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी नावाच्या सूर्यमालेत एकवीस तास लढाई चालली, हजारो खेळाडू उतरले आणि ७५ टायटन नष्ट झाले. टायटन म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं जहाज. नुकसान खऱ्या पैशात मोजलं तर तीन लाख डॉलरच्या आसपास, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. (गंमत म्हणजे या महायुद्धाचं निमित्त होतं न भरलेलं एक बिल. त्या सूर्यमालेवरच्या ताब्याचा हप्ता वेळेवर गेला नाही!) सगळ्यांनी कोण जिंकलं, कोण हरलं याची चर्चा केली. मला मात्र भलताच प्रश्न पडला. हे पंचाहत्तर टायटन बांधले कुणी?

कारण ईव्हमध्ये जहाज आकाशातून पडत नाही. आइसलंडच्या सीसीपी कंपनीनं मे २००३ मध्ये हा खेळ सुरू केला. त्यात जवळजवळ प्रत्येक जहाज, तोफ आणि तोफगोळा कुणा ना कुणा खेळाडूनं बनवलेला असतो. कुणीतरी लघुग्रह खणतो, कुणी त्यातून खनिजं काढतो, कुणी ब्लूप्रिंट घेऊन कारखाना चालवतो, कुणी माल वाहतो, कुणी बाजारात बसून दोन पैशांच्या फरकावर जगतो. आणि फुटलेलं जहाज परत मिळत नाही, नवं घ्यावं लागतं. म्हणजे लढवय्ये हे या लोकांचं गिऱ्हाईक!

सुरुवातीच्या खाणवाल्यांची अवस्था बिकट होती. लढाऊ जहाजालाच खाणकामाचे लेझर लावायचे, पोटात जागा अपुरी, म्हणून खणलेला माल डब्यात भरून अवकाशात सोडून द्यायचा. मग जोडीदार मालवाहू जहाज घेऊन येणार आणि डबा उचलणार. तो यायच्या आत चोर आला तर दिवसाची मेहनत गेली.

व्यापाराची पेठही आधी दुसरीकडेच होती, युलाईला. दूरच्या प्रदेशांना जोडणारे झटपट मार्ग तिथे एकत्र येत. २००४ च्या अखेरीस कंपनीनं ते मार्ग बंद केले आणि युलाई ओस पडली. हळूहळू जिता नावाच्या सूर्यमालेत बाजार भरू लागला आणि तिथेच टिकला. जिताला राजधानी करा असा हुकूम कुणी काढला नव्हता. विकणारे तिथे होते म्हणून घेणारे आले, घेणारे आले म्हणून आणखी विकणारे. रस्ता वळला की गाव बसतं, हे आपल्याला नवीन नाही.

पण माझ्या मते या खेळाचा खरा राजकीय इतिहास ब्लूप्रिंटचा आहे. सुधारित, म्हणजे 'टेक टू' जहाजांच्या मूळ ब्लूप्रिंट पूर्वी सोडतीनं मिळत. संशोधन करणाऱ्या एजंटांकडे गुण साठवायचे आणि म्हाडाच्या घरासारखी वाट पाहायची. ज्याला लागली त्याची चंगळ, बाकीच्यांनी तो सांगेल त्या भावानं घ्यायचं. शुद्ध परमिट राज! २००६ च्या शेवटी 'इन्व्हेन्शन' आलं आणि कुणालाही प्रयत्नानं, थोड्या नशिबानं, असा माल बनवता येऊ लागला. पुढे फेब्रुवारी २००७ मध्ये एका कर्मचाऱ्यानं कबूल केलं की त्यानं अशा काही ब्लूप्रिंट परस्पर मिळवल्या होत्या, आणि तो एका बलाढ्य युतीचा सदस्य होता. केवढा गहजब झाला! कंपनीला आपल्याच माणसांवर नजर ठेवणारा विभाग काढावा लागला आणि २००८ मध्ये खेळाडूंनी निवडलेलं मंडळ आलं. या मंडळाचं मूळ लोक युद्धात शोधतात. मला ते कारखान्याच्या परवान्यात दिसतं. (२००७ मध्येच कंपनीनं एयोल्फुर गुडमुंडसन नावाचा खराखुरा अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला, तेही लक्षात घ्या.)

पहिला टायटनसुद्धा उद्योगासाठी नावाजलेल्या युतीनं बांधला, सप्टेंबर २००६ मध्ये. युतीचं नाव असेंडंट फ्रंटियर, टायटनचं नाव 'स्टीव्ह'. किती लोकांनी किती रात्री लघुग्रह खणले असतील! डिसेंबरात बँड ऑफ ब्रदर्सनं तो फोडला. सांगाडा स्मारक म्हणून त्याच जागी ठेवला गेला. चालवणाऱ्याचं नाव, फोडणाऱ्यांचं नाव इतिहासात आहे. खणणाऱ्यांची यादी मी तरी कुठे पाहिली नाही.

एक अपवाद सांगतो. या खेळात फसवणूक नियमबाह्य नाही, आणि टायटनसारखी जहाजं तेव्हा स्थानकात शिरत नसत, त्यामुळे बाजारात मांडून विकता येत नसत. विकणाऱ्यानं आधी जहाज द्यायचं की घेणाऱ्यानं आधी पैसे? दोघेही मग एका तिसऱ्याकडे जात. क्रिब्बा या टोपणनावाचा हा खेळाडू दोन्हींकडून ठेव घेई आणि सौदा पुरा करून देई. अफाट रकमा त्याच्या हातून गेल्या. पळून जाणं सोपं होतं, तो पळाला नाही. आणि एरवी हा माणूस काय करायचा? ड्रेडनॉट जातीच्या प्रचंड युद्धनौकेला खाणकामाचे लेझर लावून वेल्डस्पार खणत बसायचा. वेल्डस्पार म्हणजे या खेळातला सगळ्यात साधा, कुठेही सापडणारा दगड.