ग्लुटेनमुक्त मसाल्यात मुरवलेला मासा: सिलिॲक रुग्णांच्या घरासाठी मार्गदर्शन

सिलिॲक आजाराचे निदान झाले की घरात पहिला प्रश्न येतो, "मग आता खायचे काय?" छत्रपती संभाजीनगर आणि मराठवाड्यातल्या घरांसाठी याचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. इथली ज्वारी-बाजरीची भाकरी, भात, डाळी, भाज्या, दूध, अंडी, मटण आणि मासे हे पदार्थ मुळात ग्लुटेनमुक्त आहेत. सॅमन, रावस, रोहू, कटला यांपैकी कोणत्याही ताज्या माशात ग्लुटेन नसते. ते माशात शिरते आपल्या हातून: मसाल्यातून, वरच्या आवरणातून, तव्यातून आणि पिठातून. या वाटा ओळखल्या की घरातले सगळे एकाच ताटातला मासा निर्धास्तपणे खाऊ शकतात.

सिलिॲक आजार म्हणजे काय?

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाची प्रथिने असतात. सिलिॲक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे त्यामुळे सपाट होतात. परिणामी जुलाब, पोटफुगी, वजन कमी होणे, मुलांची उंची न वाढणे, हाडे ठिसूळ होणे असे त्रास होतात. काही रुग्णांना पोटाची तक्रार अजिबात नसते. लोहाच्या गोळ्या घेऊनही न सुधारणारा रक्तक्षय एवढेच त्यांचे लक्षण असते.

या आजारावर सध्या एकच उपचार आहे: आयुष्यभर ग्लुटेन पूर्ण बंद. म्हणून निदान पक्के असणे फार महत्त्वाचे आहे. टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि गरजेप्रमाणे एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासणे, हा निदानाचा नेहमीचा मार्ग आहे. तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर तपासणी चुकीने सामान्य येऊ शकते. रुग्णाच्या आईवडिलांनी, भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्यावी.

एका घासाने काय होते?

हा प्रश्न बहुतेक घरांत प्रेमापोटी विचारला जातो. गव्हाच्या एका मध्यम पोळीत अंदाजे अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात जात राहिले, तरी अनेक सिलिॲक रुग्णांच्या आतड्याला इजा होते. म्हणजे पोळीचा साधारण पन्नासावा भाग पुरेसा आहे. रुग्णाला लगेच त्रास झाला नाही, म्हणून आतडे सुरक्षित आहे असे समजू नका. मुलाला मुद्दाम "थोडेसे देऊन बघू" हा प्रयोग करू नका.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहायचे असेल, तर त्या पदार्थात प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या सूचनेत गहू किंवा ग्लुटेनचा उल्लेख आहे का, तेही पाहा.

कोणता मासा घ्यावा?

- सॅमन: हा थंड प्रदेशातला मासा आहे. आपल्याकडे तो बहुधा परदेशातून गोठवलेला येतो. त्यात ओमेगा-३ मेदाम्ले, प्रथिने, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व चांगल्या प्रमाणात असते. नव्याने निदान झालेल्या सिलिॲक रुग्णांत ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळू शकते. मात्र मासा हा गोळ्या-औषधांना पर्याय नाही. आधीच मसाला लावलेली पाकिटे टाळा. त्यांत अनेकदा सोया सॉस असतो.
- रावस: याला "इंडियन सॅमन" म्हणतात, पण तो वेगळा मासा आहे. चव सौम्य आणि काटे कमी, त्यामुळे मुलांना सोपा जातो.
- रोहू, कटला, मृगळ: हे गोड्या पाण्यातले मासे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातही मिळतात. प्रथिने भरपूर असतात. ओमेगा-३ सॅमनपेक्षा कमी असते, आणि बारीक काटे असल्याने मुलांना देताना सांभाळावे लागते.
- बांगडा, तारली: ओमेगा-३ साठी सॅमनला हे स्वस्त पर्याय आहेत. पण ते अगदी ताजे आणि बर्फात ठेवलेलेच घ्या. कारण पुढे दिले आहे.

थोडक्यात, महागडा सॅमनच हवा असे मुळीच नाही. खालची कृती यांतल्या कोणत्याही माशाला चालते.

मसाल्यात ग्लुटेन कुठे लपते?

- हिंग: बाजारातल्या बहुतेक हिंगपुडीत गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. तांदळाच्या पिठात बनवलेला, "ग्लुटेनमुक्त" लिहिलेला हिंग घ्या, नाहीतर हिंग वगळा. माशाला आले-लसूण पुरते.
- येसर आणि मेतकूट: येसर करताना डाळींसोबत गहूही भाजून दळला जातो. मेतकुटातही गहू असतो. माशाच्या रश्श्याला दाटपणा यावा म्हणून येसर घालू नका. भाजलेले खोबरे, तीळ किंवा शेंगदाण्याचे वाटण वापरा.
- सोया सॉस: नेहमीचा सोया सॉस गहू घालून आंबवलेला असतो. त्याऐवजी मीठ, लिंबू आणि थोडी चिंच वापरा.
- माल्ट व्हिनेगर: हे जवापासून बनते. लिंबाचा रस सर्वांत सुरक्षित.
- तयार तंदुरी किंवा फिश फ्राय मसाला: यांत मैदा किंवा गव्हाचे पीठ असू शकते. घटकांची यादी वाचल्याशिवाय वापरू नका.
- रवा आणि ब्रेडचा चुरा: मासे कुरकुरीत करण्यासाठी लावतात, दोन्ही गव्हाचे. त्याऐवजी तांदळाचे पीठ लावा.
- सुटे तिखट आणि काळा मसाला: कांडप यंत्रावर तुमच्या आधी कुणाचा येसर किंवा मेतकूट कुटले गेले असेल, तर त्याचे अंश तुमच्या तिखटात येतात. मिरच्या, धणे, हळद अख्खे आणून घरच्या मिक्सरमध्ये दळणे चांगले.

पिठाच्या गिरणीचे काय?

मराठवाड्यातल्या रुग्णांच्या बाबतीत ही सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी गोष्ट आहे. ज्वारी ग्लुटेनमुक्त असते, पण गव्हाच्या दळणानंतर त्याच जात्यात दळलेले ज्वारीचे पीठ ग्लुटेनमुक्त राहत नाही. तांदळाच्या आणि बेसनाच्या पिठालाही हेच लागू आहे. रुग्णासाठी स्वतंत्र छोटी घरगुती चक्की घेणे शक्य असेल तर उत्तम. नाहीतर तांदूळ धुऊन, वाळवून मिक्सरच्या वेगळ्या भांड्यात दळा. माशाला लावायला तेवढे पीठ पुरते. ज्वारी आधी नीट निवडून घ्या, कारण त्यात गव्हाचे दाणे मिसळलेले असू शकतात. दळण्यापूर्वी ती धुऊन वाळवा.

स्वयंपाकघराची तयारी

- मासे तळायचा तवा वेगळा ठेवा. पोळ्यांच्या लोखंडी तव्यावर जळलेले पीठ चिकटून राहते. नुसते पुसून ते जात नाही.
- लाकडी उलथने, पोळपाट-लाटणे आणि चाळणी वेगळी असावी. लाकडाच्या भेगांत आणि जाळीत पीठ अडकते.
- ज्या तेलात समोसे, पुऱ्या किंवा रवा लावलेले मासे तळले, ते तेल पुन्हा वापरू नका.
- आधी ग्लुटेनमुक्त मासा करा, नंतर कणीक मळा. मळताना उडालेले पीठ ओट्यावर आणि उघड्या भांड्यांवर बसते.
- रुग्णाच्या मिठाच्या आणि मसाल्याच्या डब्यात कणकेचे हात किंवा चमचा घालू नका.

कृती (४ जणांसाठी)

*साहित्य:* सॅमन, रावस किंवा रोहूचे तुकडे ५०० ते ६०० ग्रॅम. लिंबाचा रस १ मोठा चमचा. घरी वाटलेले आले-लसूण २ छोटे चमचे. कोथिंबीर-हिरवी मिरचीचे वाटण १ मोठा चमचा. हळद अर्धा छोटा चमचा. लाल तिखट १ छोटा चमचा. मीठ अर्धा छोटा चमचा. घरी दळलेले तांदळाचे पीठ ३ मोठे चमचे. तेल २ मोठे चमचे.

१. गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. हवाबंद पाकीट असेल तर आधी ते उघडून मासा झाकणाच्या डब्यात काढा. मासा ओट्यावर वितळवू नका.

२. तुकडे स्वच्छ कागदाने टिपून कोरडे करा. पीठ आणि तेल सोडून बाकी सगळे एकत्र करून तुकड्यांना चोळा.

३. स्टीलच्या किंवा काचेच्या डब्यात झाकून फ्रिजमध्ये २० ते ३० मिनिटे मुरवा. लिंबात तासन्तास ठेवल्यास मांस भुसभुशीत होते. लिंबामुळे मांस पांढरे दिसले तरी मासा शिजलेला नसतो आणि त्यातले जंतूही मरत नाहीत.

४. तुकडे तांदळाच्या पिठात हलके घोळवा. तवा मध्यम आचेवर तापवून तेल घाला.

५. सॅमन किंवा रावसची कातडीची बाजू आधी ४ ते ५ मिनिटे, मग दुसरी बाजू २ ते ३ मिनिटे भाजा. रोहू-कटलाचे जाड, काट्यासकट तुकडे दोन्ही बाजूंनी ५ ते ६ मिनिटे भाजा.

६. मधला भाग अपारदर्शक दिसला आणि काट्याने सहज पापुद्रे सुटले की मासा शिजला. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश सेल्सिअस हवे.

उरलेले मुरवणीचे पाणी टाकून द्या, ते चटणीत मिसळू नका. सोबत ज्वारीची भाकरी किंवा भात, कांदा-काकडीची कोशिंबीर आणि सोलकढी द्या.

उन्हाळ्यात विशेष काळजी

मुंबईहून संभाजीनगरला येणारा समुद्री मासा तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास करून येतो. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. बाजारात जाताना बर्फाचा डबा न्या आणि मासा शेवटी विकत घ्या. मासा कच्चा असो वा शिजवलेला, तो फ्रिजबाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कडक उन्हाळ्यात १ तासापेक्षा जास्त नको. डोळे चमकदार, कल्ले लाल, मांस दाबल्यावर पुन्हा वर येणारे आणि उग्र वास नसलेला मासा घ्या. शिजवलेला मासा फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांत संपवा.

बांगडा, कुपा, तारली यांसारखे मासे गरम राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते. ते शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात चेहरा लाल होणे, खाज, डोकेदुखी, धडधड, जुलाब असा त्रास होतो. तो ग्लुटेनमुळे झाला असे समजून गल्लत होऊ शकते.

आणखी एक इशारा: रोहू-कटलाचे पित्त औषध म्हणून कधीही गिळू नका. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

बाहेर खाताना

शहरातला नान-खलिया प्रसिद्ध आहे, पण नान गव्हाचा असतो. जिथे नान भाजले जातात, त्याच तंदूरमधली आणि त्याच ओट्यावरची तंदुरी मासळीही रुग्णासाठी सुरक्षित धरू नका. हॉटेलात "गहू चालत नाही" एवढेच सांगून भागत नाही. हिंग, रवा, सोया सॉस, तेल आणि तवा यांबद्दल एकेक करून विचारा. खात्री नसेल तर घरून डबा नेणे बरे.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

- पथ्य पाळूनही जुलाब, रक्तक्षय किंवा वजन घटणे चालू असेल. अशा वेळी लपलेले ग्लुटेन हे सर्वांत सामान्य कारण असते. तुमच्या मसाल्यांची आणि पिठांची यादी सोबत न्या.
- मुलाची उंची-वजन वाढत नसेल.
- मासा खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ-जिभेला सूज किंवा श्वासाला त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालयात जा. ही माशाची ॲलर्जी असू शकते. तिचा सिलिॲकशी संबंध नाही.
- मूत्रपिंडाचा आजार असल्यास किंवा रुग्ण गरोदर असल्यास, मासा किती आणि कोणता खावा हे आधी विचारा.

पथ्य सुरू केल्यावर बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांत बरे वाटू लागते, पण आतडे पूर्ण भरून यायला महिने, प्रौढांत कधी वर्षेही लागतात. म्हणून बरे वाटले तरी पथ्य सोडू नका आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी टीटीजी तपासणी पुन्हा करा. रुग्णासाठी वेगळे ताट वाढण्यापेक्षा मासा आणि भाकरी सगळ्यांसाठीच ग्लुटेनमुक्त करणे सोपे पडते. त्यात चूक होण्याची शक्यता कमी असते, आणि मुलाला आपण वेगळे आहोत असे वाटत नाही.