चांदीच्या नाण्यावरच्या बायका

गटाच्या बैठकीत आपण पैसे मोजतो, वहीत लिहितो, पेटीत ठेवतो. पण नाण्यावर काय छापलंय, हे आपण कधी निरखून पाहतो का? आज आपण दोन हजार वर्षांपूर्वीची रोमची चांदीची नाणी पाहू.

या नाण्याचं नाव देनारियस. इ.स.पू. 211 च्या सुमारास ते सुरू झालं. आपल्याकडच्या जुन्या संस्कृतातला 'दीनार' शब्द त्यावरूनच आला. आकार आपल्या रुपयाहून थोडा लहान, वजन सुमारे चार ग्रॅम. चांदीची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोडा हाणायचा, की दोन्ही बाजूंना चित्र उमटे.

रोमची टांकसाळ मोनेटा देवीच्या देवळाजवळ होती. इंग्रजीतला 'मनी' शब्द तिच्याच नावावरून आला. इ.स.पू. 46 च्या एका नाण्यावर पुढे मोनेटाचा चेहरा आहे, तर मागे ऐरण, सांडशी आणि हातोडा. कष्टाच्या हत्यारांनाही तिथे मान मिळाला.

पण नाण्यावरच्या प्रत्येक बाईला मान नव्हता. इ.स. 70 मध्ये रोमच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केलं. त्या विजयाच्या नाण्यावर पुढे सम्राट व्हेस्पासियन आणि मागे जमिनीवर बसून शोक करणारी बाई. ती म्हणजे जिंकलेला ज्यूंचा देश. लढाई पुकारली राजांनी, हरल्याचं चित्र मात्र बाईचं! ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यालाही कोण जिंकलं आणि कोण हरलं ते त्या नाण्यावरून कळत होतं.

पुढे सिरियातून आलेली ज्युलिया डोम्ना सम्राज्ञी झाली. तिचे दाट, लाटांसारखे केस नाण्यांवर स्पष्ट दिसतात. पण तोवर चांदीतच खोट आली होती. सम्राट नीरोने इ.स. 64 मध्ये वजन आणि शुद्धता दोन्ही घटवली होती. ज्युलियाचा नवरा सेप्टिमियस सेव्हेरस याच्या काळात तर चांदी जवळपास निम्म्यावर आली. सैन्याचा पगार वाढला होता आणि तेवढ्याच चांदीत जास्त नाणी पाडायची होती. चित्र देखणं, कस मात्र उतरलेला.

जोडवी घेताना आपण नक्षी पाहतो आणि कसही विचारतो. पैशाच्या बाबतीतही तसंच करू या. पुढच्या बैठकीत एक नाणं हातात घ्या. त्यावर काय आहे, काय नाही, यावर सगळ्याजणी मिळून बोला.