परभाषेतून अध्यापनाचा प्रश्न : मुंबई इलाख्यातील माध्यमवाद

प्रस्तावना :
बहुभाषिक समाजात शालेय विषय कोणत्या भाषेतून शिकवावेत, हा प्रश्न नवा नाही. भाषा अनेक असल्याने सर्वांसाठी एक परकीय भाषा सोयीची, असे अनेकदा गृहीत धरले जाते. एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याचा इतिहास पाहता हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक वाटते.

देशी भाषांतील प्रयोग :
१८२३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अभियांत्रिकी शिक्षणसंस्थेत मराठी व गुजरातीतून अध्यापन होत असे. जॉर्ज जर्विस यांनी शास्त्री-पंडितांच्या साहाय्याने गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. म्हणजेच देशी भाषांतून शास्त्रीय विषय शिकविता येतात, हे मेकॉले यांच्या १८३५ च्या टिपणापूर्वीच प्रत्यक्षात सिद्ध झाले होते.

शिक्षण मंडळातील वाद :
१८४० मध्ये शिक्षण मंडळ स्थापन झाले. १८४३ मध्ये अध्यक्ष झालेले सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला. तुटपुंजा निधी वरिष्ठ वर्गाच्या इंग्रजी शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची भूमिका होती. जर्विस यांच्यासह जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांनी तिला विरोध केला. हे तिघे एतद्देशीय सभासद हिंदू, पारशी व मुसलमान अशा तीन भिन्न समाजांतील होते, ही बाब येथे विशेष महत्त्वाची आहे. बहुभाषिकतेचे ओझे ज्यांच्या समाजांवर होते, तेच देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. शंकरशेट यांचा इंग्रजी शिकण्यास विरोध नव्हता. मात्र बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते त्यांच्याच भाषेतून पोहोचविले पाहिजे, असे त्यांचे मत होते.

निर्णायक घटक :
१८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने उच्च शिक्षणासाठी इंग्रजी आणि जनसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषा, अशी विभागणी केली. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने उच्च शिक्षणातील इंग्रजीचे स्थान पक्के केले. कागदोपत्री देशी भाषांना स्थान मिळाले. परंतु नोकरी व पदवी यांच्या वाटा इंग्रजीतून जात असल्याने देशी भाषेतील शाळा ही खालची पायरी ठरली.

समारोप :
माध्यमाचा निर्णय केवळ अध्यापनशास्त्रीय निकषांवर झाला नाही; रोजगार व निधी हे घटक त्यात प्रभावी ठरले, असे यावरून दिसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शक्य तेथे किमान इयत्ता पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, अशी शिफारस केली आहे. तथापि पुढील शिक्षण व रोजगार यांत त्या भाषेला स्थान नसेल, तर पालक पाल्याला परभाषेतील शाळेतच घालणार. तो दोष पालकांचा मानणे इतिहासाला धरून होणार नाही. म्हणून प्राथमिक शाळेच्या माध्यमाची चर्चा महाविद्यालयीन अध्यापकांनी स्वतःच्या वर्गापासून सुरू करणे उचित ठरेल.