म्हातारा कुत्रा शिकतो का?

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं मराठीत म्हणतात. उर्दूत तेच शेपूट बारा वर्षं नळीत राहतं, तरी सरळ होत नाही. इंग्रजीतली म्हण आणखी पुढे जाते : म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत. भाषा शिकवणारा माणूस म्हणून मला या म्हणी आवडतात, पण शिक्षक म्हणून त्या पटत नाहीत. कारण त्या कुत्र्यापेक्षा माणसांवरच जास्त वापरल्या जातात.

इंग्रजी म्हणीचं मूळ शेतीच्या एका पुस्तकात सापडतं. १५२३ साली फिट्झहर्बर्टने शेतकऱ्यांसाठी लिहिलं, की मेंढपाळाच्या कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवावं, म्हातारपणी त्याला वाकवणं कठीण. हा एका धंद्यातला सल्ला होता. पुढे तोच सगळ्या म्हाताऱ्यांवरचा निकाल झाला.

आपल्या परंपरेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आपल्याकडे कुत्रा म्हटलं की पाकी-नापाकीवरच बोलणं थांबतं. पण सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे, आणि अल्लाहने तुम्हाला दिलेल्या इल्ममधून तुम्ही त्यांना शिकवता, असं तिथे म्हटलं आहे. हातिमताईची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्याच हातिमचे पुत्र हजरत अदी (रजि.) यांनी पैगंबरांना (स.) कुत्र्याच्या शिकारीबद्दल विचारलं होतं. उत्तर मिळालं : शिकवलेला कुत्रा अल्लाहचं नाव घेऊन सोडा, त्याने तुमच्यासाठी धरलेलं खा, पण त्याने त्यातलं स्वतः खाल्लं असेल तर खाऊ नका, कारण ते त्याने स्वतःसाठी धरलं.

मग ‘शिकलेला’ कुत्रा ओळखायचा कसा? फुकहांनी यावर बारकाईने विचार केला. इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांच्या मते कुत्र्याने सलग तीन वेळा शिकार धरून न खाता सोडली, तर तो शिकला. इमाम अबू हनीफांनी आकडा न ठरवता शिकाऱ्याच्या अंदाजावर सोडलं. मरगीनानी (मृत्यू ११९७) यांनी ‘हिदाया’त यामागचं कारण दिलं आहे. अंगवळणी पडलेली सवय सुटणं, हीच शिकल्याची खूण. बाज माणसापासून पळणारा पक्षी, म्हणून हाक मारल्यावर परत येणं ही त्याची परीक्षा. कुत्रा माणसाळलेला, पण हिसकावून खाणारा, म्हणून न खाणं ही त्याची परीक्षा. शिकलेल्या कुत्र्याने पुन्हा खाल्लं, तर तो ‘अडाणी’ ठरतो. मात्र पुन्हा परीक्षेला उतरला की पुन्हा ‘शिकलेला’ होतो. या कसोटीत कुत्र्याचं वय कुठेच विचारलेलं नाही.

बीएडला आम्ही पावलॉव्हचा कुत्रा अभ्यासला. लागलेली सवय विझतेही, हे त्यातच होतं. परीक्षेपुरतं लिहून आम्ही पुढे गेलो. वयाची थेट तपासणी पुढे व्हिएन्नात झाली. तिथल्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच महिने ते तेरा वर्षं वयाच्या ९५ बॉर्डर कोली कुत्र्यांना पडद्यावरची चित्रं नाकाने निवडायला शिकवलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. म्हाताऱ्या कुत्र्यांना जास्त वेळा सराव द्यावा लागला. पण नको असलेलं चित्र वगळून योग्य चित्र ओळखण्यात ते तरुणांपेक्षा पुढे होते. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा शिकलेलं आठवण्यात वयाने फरक पडलेला नव्हता.

म्हणजे बदलायचं ते शिकवणाऱ्याने. धडा छोटा ठेवावा, सराव वाढवावा, बरोबर केल्याबरोबर खाऊ द्यावा. ऐकू कमी येत असेल तर हाताची खूण करावी. सांधे दुखत असतील तर ‘बस’ म्हणून पुन्हा पुन्हा बसवू नये. आज्ञा मोडतो म्हणून ज्याला मार बसतो, त्याला कित्येकदा ती ऐकूच आलेली नसते.

आमच्या मोहल्ल्यात पन्नाशीच्या बाया म्हणतात, “अब इस उम्र में क्या सीखेंगे?” बँकेच्या कागदावर अंगठा उमटवून त्या परत येतात. कुत्र्याला तीन संध्या आणि चुकल्यावर पुन्हा परीक्षा देणाऱ्या परंपरेतली आपण माणसं. या बायांना आपण एक तरी संधी दिली का, एवढंच मला विचारायचं आहे.