किती डेनिअरचा?

कल्याणहून कसारा लोकल पकडली की पहिलं स्टेशन शहाड. पत्ता सांगताना आम्हाला दोनच खुणा पुरतात: बिर्ला मंदिर आणि रेयॉनचा कारखाना. बाबांची सगळी नोकरी रेयॉनच्या स्पिनिंग खात्यात गेली. मी बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "यात बनवतात काय?" मला नीट सांगता येईना. ते म्हणाले, "आम्ही पाळी संपली की केक तरी मोजायचो." फिरत्या भांड्यात गोळा झालेल्या ओल्या धाग्याच्या गुंडाळीला रेयॉनवाले केक म्हणतात.

दुसऱ्या वर्षी कांद्यातून डीएनए काढायचं प्रॅक्टिकल होतं. कांदा वाटायचा, मीठ आणि डिटर्जंट घालायचं, गाळायचं, मग कडेकडेने बर्फगार अल्कोहोल सोडायचं. दोन थरांच्या मध्ये पांढरे तंतू तरंगायला लागतात. ते काचेच्या कांडीवर गुंडाळून घ्यायचे. मी फोटो काढला आणि घरी दाखवला. बाबांनी बोटांनी झूम केलं, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "किती डेनिअरचा?"

मी हसले. रात्री मात्र गणित मांडून बसले. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. माणसाच्या एका पेशीतलं डीएनए ओळीने मांडलं तर साधारण २ मीटर भरतं आणि त्याचं वजन ६ ते ७ पिकोग्रॅम. म्हणजे ९००० मीटर डीएनए जेमतेम ३० नॅनोग्रॅम. डेनिअर ०.००००००0३. कांडीवर दिसला तो एक धागा नव्हताच, असंख्य रेणूंचा दोर होता. सकाळी आकडा सांगितल्यावर बाबा म्हणाले, "तुटत नाही का?" तुटतो. पिपेट जोरात ओढला तरी तुटतो. आमच्या मॅडम हेच ओरडून सांगत असतात.

पुढे विषयाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा बाबांच्या प्रश्नांवर हसल्याची लाज वाटली. कारण मॉलिक्युलर बायोलॉजीची एक मोठी वाट कापडाच्या गिरणीतूनच येते.

इंग्लंडमधलं लीड्स हे लोकरीच्या कापडाचं शहर. १९२८ साली विल्यम ॲस्टबरी तिथल्या विद्यापीठात टेक्सटाइल फिजिक्स शिकवायला आला. काम काय, तर लोकर ताणली की लांब का होते आणि सोडली की पुन्हा आखडते का, हे शोधायचं. त्याने लोकरीच्या तंतूवर क्ष-किरण सोडले आणि पलीकडे उमटलेल्या ठिपक्यांवरून आतल्या प्रथिनाच्या साखळीचा आकार ताडायला सुरुवात केली. 'मॉलिक्युलर बायोलॉजी' हे नाव रूढ करण्यात या माणसाचा मोठा हात होता.

१९३७ साली त्याच्या लॅबमध्ये फ्लोरेन्स बेल नावाची तरुण संशोधक आली. वासराच्या थायमस ग्रंथीतून काढलेल्या डीएनएचे क्ष-किरण फोटो तिने काढले. १९३८ साली दोघांचा निबंध 'नेचर'मध्ये छापून आला. त्यांनी सांगितलं की डीएनएचे घटक नाण्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले आहेत आणि त्यांच्यातलं अंतर ३.३४ अँगस्ट्रॉम आहे. आज आम्ही परीक्षेत लिहितो ३.४. त्यांची बाकीची रचना चुकीची निघाली, पण ते अंतर टिकलं.

रोझलिंड फ्रँकलिनच्या लॅबमधला प्रसिद्ध 'फोटो ५१' मे १९५२ मधला. रेमंड गॉस्लिंगने काढलेला. पण लीड्सला एल्विन बेटनने १९५१ सालीच तसेच फोटो काढले होते. ॲस्टबरीच्या हातात ते होते, आणि त्यातली गुंडाळी त्याला दिसली नाही. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी सर्पिल मांडलं आणि पाठ्यपुस्तकं तिथून सुरू झाली.

बेलचं पुढे काय झालं? युद्धात तिला हवाई दलाच्या महिला शाखेत बोलावणं आलं, लॅब सुटली. लग्न करून ती अमेरिकेला गेली. २००० साली ती वारली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला गेला: गृहिणी.

बेलने लीड्सला पीएचडी केली ते १९३९ साल. त्याच साली केंब्रिजला कमला भागवत यांना पीएचडी मिळाली. विषय वनस्पतींमधलं सायटोक्रोम सी. आपण त्यांना कमला सोहोनी म्हणून ओळखतो. बंगळुरूच्या इन्स्टिट्यूटमध्ये सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, म्हणून मिळाला, तोही वर्षभराच्या अटीवर. लग्नानंतर मुंबईला येऊन त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवलं, नीरेवर संशोधन केलं आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. बुद्धी दोघींकडे होती. एकीला परत लॅबचं दार मिळालं, दुसरीला नाही.

गेल्या महिन्यात मी पीएचडीच्या प्रवेशाचा फॉर्म भरत होते. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात दरवेळी 'निवृत्त' लिहायचे. यावेळी लिहिलं: रेयॉन स्पिनिंग कामगार, निवृत्त. रेयॉन म्हणजे लाकडाचा लगदा विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लात सोडून पुन्हा धागा केलेला सेल्युलोज. बाबा आयुष्यभर एका लांबलचक रेणूबरोबरच काम करत होते, फक्त त्यांना तसं कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचा रकाना आईचा. शाळेपासून तिथे 'गृहिणी' लिहायची सवय. आई समोरच खाली बसली होती. उल्हासनगरहून आलेल्या जीन्सचा ढीग पुढ्यात, हातात छोटी कात्री. शिवणीचे सुटलेले धागे कापायचे, नगावर पैसे. मी लहान असल्यापासून ती हे करते. माझ्या पहिल्या सेमिस्टरची फी त्यातूनच गेली होती.

"काय लिहू गं?" मी विचारलं.

"लिही की नेहमीचं," आई म्हणाली आणि पुढची पँट ओढली.

मी लिहिलं: जीन्सचे धागे कापणे.