डी-वर्ग विवर्धक
डी-वर्ग विवर्धक : ट्रँझिस्टर पूर्ण चालू वा पूर्ण बंद या दोनच अवस्थांत वापरून ध्वनिसंदेशाची शक्ती वाढविणारे साधन. १९६४ मध्ये ब्रिटनमधील सिंक्लेअर रेडिओनिक्सने एक्स-१० हा जुळणी-संच विक्रीस काढला. पण तत्कालीन ट्रँझिस्टर पुरेसे जलद नसल्याने तो फसला. जलद मॉस्फेट उपलब्ध झाल्यावर मात्र हा वर्ग घरगुती ध्वनिसंचांत रुळला. बी-वर्गाची कार्यक्षमता सिद्धांततःही ७८·५ टक्क्यांपुढे जात नाही. डी-वर्गाची प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या आसपास असते. भंडारा जिल्ह्यात उन्हाळी तापमान ४०° से. ओलांडते. अशा ठिकाणी यंत्राचे कमी तापणे वॉटच्या जाहिराती आकड्यापेक्षा मोलाचे होय. निवडताना ध्वनिक्षेपकाचा संरोध आधी पाहावा. ४ ओहमसाठी आखलेल्या निर्गम-गाळणीस ८ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडल्यास उच्च कंप्रतांना बहुधा अवाजवी उठाव येतो.