दुरुस्त केलेली वस्तू पुरावा ठरते का?

साधनचिकित्सा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कागद येतात: दप्तरं, पत्रं, अहवाल. पण साधन म्हणून एखादी वस्तू समोर आली, आणि तीही वारंवार दुरुस्त झालेली, तर काय करायचं? आज त्यासाठी एक उदाहरण घेऊ.

इंग्लंडमध्ये ब्रिजनॉर्थ ते किडरमिन्स्टर अशी १६ मैलांची सेव्हर्न व्हॅली रेल्वे आहे. १९६३ साली इथली थेट प्रवासी वाहतूक बंद झाली. १९६५ साली हौशी लोकांनी संस्था काढली आणि १९७० पासून वाफेच्या गाड्या पुन्हा धावू लागल्या. इथले सिग्नल अजून केबिनमधल्या लिव्हरने आणि तारेने ओढले जातात. त्यांची देखभाल मुख्यतः स्वयंसेवक करतात. तारा बदलतात, कप्प्यांना तेल घालतात, हात रंगवतात. किडरमिन्स्टरचं त्यांचं स्टेशन तर १९८४ साली नव्याने सुरू झालेलं, जुन्या धाटणीचं.

मग यात 'अस्सल' काय उरलं? तुमच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. पण माझ्या मते प्रश्नच थोडा चुकतोय.

आता बघा. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्येच ॲबट्स रिप्टन इथे मोठा अपघात झाला. बर्फामुळे सिग्नलचे हात 'मोकळा' स्थितीतच अडकून बसले. केबिनमध्ये लिव्हर 'थांबा'वर होता, बाहेर ड्रायव्हरला मात्र रस्ता मोकळा दिसत होता. त्यानंतर सिग्नल एरवी 'थांबा'वरच ठेवायची पद्धत रुळली. पुढे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्माजवळ सहलीच्या गाडीचे सुटलेले डबे उतारावरून मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ८० जणांचा जीव गेला. त्याच वर्षी कायदा झाला आणि प्रवासी मार्गांवर ब्लॉक पद्धत व इंटरलॉकिंग सक्तीचं झालं. म्हणजे सांधे चुकीचे असतील तर सिग्नलचा लिव्हर हलणारच नाही.

इथवरचा इतिहास अहवालांतून आणि कायद्यातून मिळतो. तार मात्र वेगळंच काहीतरी सांगते.

साधं गणित करा. दूरचा सिग्नल केबिनपासून ९०० मीटरवर आहे. पहाटेपेक्षा दुपारी तार २० अंशांनी जास्त तापली, तर पोलादाची ती तार साधारण २० सेंटिमीटरने वाढते. तार सैल पडली की लिव्हर पूर्ण ओढूनही हात नीट खाली येत नाही. म्हणून केबिनमध्ये तार ताणायची सोय असते आणि केबिनमनला ऊन-थंडी बघून ती वापरावी लागते. 'तार योग्य ताणात ठेवावी' असा नियम एका ओळीत लिहिता येतो. पण योग्य ताण म्हणजे किती, हे लिव्हर ओढणाऱ्या हाताला कळतं. उलट, तार तुटली तर वजनामुळे हात आपोआप 'थांबा'वर जायला हवा, हे तर नकाशातही दिसतं.

थोडक्यात काय, या सिग्नलचं लोखंड कोणत्या वर्षीचं, याला तो कच्चा पुरावा आहे. काम कसं चालायचं, याला मात्र तो पक्का पुरावा आहे. आणि तोही हे काम करणारी माणसं आहेत तोवरच. ती थकली आणि कुणी त्यांच्याशी बोलून टिपणं घेतली नाहीत, तर सिग्नल उभा राहील, पण साधन म्हणून मुका होईल.

एक सावधगिरी. आजचा स्वयंसेवक हौसेने येतो. १८९० चा केबिनमन पोटासाठी यायचा, लांबलचक पाळ्या करायचा. हाताची सवय सारखी असेल, थकवा सारखा नसतो. तेव्हा त्याच्या अनुभवावरून कामगाराचं आयुष्य ठरवू नका.

तुमच्या विषयातली एखादी दुरुस्त केलेली वस्तू घ्या: हातमाग, छापखान्याचं यंत्र, वाडा. मग तीन प्रश्न लिहून काढा. यात काय बदललं? बदलताना काय मुद्दाम तसंच ठेवलं? ते कोणी ठरवलं? प्रबंधाच्या आराखड्यातला साधनांचा भाग इथूनच सुरू करता येईल.